कचरा ईटीपीत नाही, रूट निवडताना ठरतो

एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं पाठ आहेत, शाश्वत विकासाची व्याख्याही येते. पण ज्या उद्योगानं नद्या खराब केल्या, तोच उद्योग शाश्वततेसाठी काय करणार? आणि कारखान्यातल्या केमिस्टच्या हातात त्यातलं खरंच किती असतं?

मी आयुष्य प्रोसेस डेव्हलपमेंटमध्ये काढलं, बरंचसं डाय इंटरमिजिएट (रंग बनवताना लागणारी मधली रसायनं) आणि बल्क ड्रग (औषधाचा मूळ घटक) यांच्या कामात. तेव्हा उत्तर त्या बाजूनं देतो. शेवटचा प्रश्न आधी घेतो. केमिस्टच्या हातात पुष्कळ असतं, पण थोडा काळच. लॅबमध्ये रूट, म्हणजे माल बनवायच्या पायऱ्यांचा मार्ग, ठरतो त्या काही महिन्यांत पुढच्या कित्येक वर्षांचा कचरा ठरून जातो. एकदा रिॲक्टर बसले, ग्राहकानं सॅम्पल पास केलं, औषध असेल तर नियामकाकडे कागद गेले, की तोच केमिस्ट दोन-चार टक्के यील्ड (हाती येणारा माल) वाढवण्यापलीकडे फारसं काही करू शकत नाही. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, सांभाळणारा तर त्याहून अडकलेला. त्याच्या टाकीत जे येतं, ते त्यानं मागवलेलं नसतं.

१९८७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगानं दिलेली शाश्वत विकासाची व्याख्या तुम्हाला येतेच: पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता याव्यात, ही शक्यता न घालवता आजच्या गरजा भागवणं. प्लँटवर या वाक्याचे तीन प्रश्न होतात. आपण जमिनीतून काय आणि किती उपसतो? मागे काय टाकून जातो? आणि काम चालू असताना कुठला धोका आवारात बाळगून असतो? पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८मध्ये मांडलेली बारा तत्त्वं म्हणजे या तीन प्रश्नांचाच तपशील आहे. परीक्षेत बाराही तत्त्वांना सारखे गुण मिळतात. कामावर तसं नसतं. ‘कचरा झाल्यावर साफ करण्यापेक्षा तो होऊच देऊ नका’ हे पहिलं तत्त्व बाकी अकरांना ओढत नेतं, आणि बहुतेक ठिकाणी हरतं तेही तेच.

का हरतं, ते हिशेबात दिसतं. वस्तुमान नाहीसं होत नाही हे शाळेत शिकलेलं असतं, पण कारखान्याच्या कागदावर ते अर्धंच लिहिलेलं असतं. स्टोअरमधून काय निघालं याची नोंद चोख, विकलेल्या ड्रमांची नोंद त्याहून चोख. मधला फरक कुठे गेला? एमएलमध्ये (माल गाळल्यावर उरलेल्या द्रावणात) गेला, चिमणीतून गेला, सेंट्रिफ्यूजच्या धुवणात गेला, फिल्टरच्या केकमध्ये गेला. रॉजर शेल्डन यांनी १९९२मध्ये हा फरक मोजायचं साधं माप दिलं, ई-फॅक्टर: एक किलो मालामागे किती किलो कचरा. त्यांचे ढोबळ आकडे आजही शिकवले जातात. तेलशुद्धीकरणात किलोमागे ०.१ किलोच्या आसपास, मोठ्या प्रमाणावरच्या रसायनांत १ ते ५ किंवा त्याहून कमी, फाइन केमिकल्समध्ये ५ ते ५०, आणि औषधांत २५पासून १००च्याही वर. लोकांना वाटतं रिफायनरी सगळ्यात घाण आणि औषधाचा कारखाना स्वच्छ. किलोमागचा हिशेब उलटा निघतो. रिफायनरीचा एकूण पसारा प्रचंड असतो, हे अर्थात खरं. पण औषधात पायऱ्या जास्त, दर पायरीला सॉल्व्हंट (विद्रावक), धुणं, सुकवणं, आणि शुद्धतेची अट कडक. औषधनिर्मितीत जाणाऱ्या एकूण वस्तुमानात निम्म्याहून जास्त वाटा सॉल्व्हंटचाच असतो.

दुसरं माप बॅरी ट्रॉस्ट यांचं, १९९१चं: ॲटम इकॉनॉमी. घातलेल्या अणूंपैकी वजनानं किती टक्के मालात उतरले? याचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आयबुप्रोफेन हे वेदनाशामक, आणि ते पाठ्यपुस्तकात असण्याच्या लायकीचं आहे. बूट्स कंपनीचा मूळ रूट सहा पायऱ्यांचा, ॲटम इकॉनॉमी ४० टक्के. म्हणजे सगळ्या पायऱ्यांचं यील्ड शंभर टक्के आलं असतं, तरी घातलेल्या मालापैकी ६० टक्के बाहेरच. पहिल्याच पायरीला ॲल्युमिनियम क्लोराइड. ते नावाला उत्प्रेरक, प्रत्यक्षात मोलाला मोल, म्हणजे कच्च्या मालाच्या रेणूंइतकंच, लागतं आणि पाणी ओतल्यावर आम्लयुक्त ॲल्युमिनियमचा चोथा होऊन ईटीपीकडे निघतं. १९९२मध्ये टेक्सासमधल्या बिशप इथं बीएचसी कंपनीचा नवा प्लँट सुरू झाला: तीन पायऱ्या, ॲटम इकॉनॉमी ७७ टक्के, आणि उरलेला भाग म्हणजे ॲसेटिक ॲसिड, जे परत मिळवून वापरता येतं. ते धरलं तर आकडा ९९ टक्क्यांपर्यंत जातो. १९९७मध्ये या प्रक्रियेला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांच्या नावे दिला जाणारा हरित रसायनशास्त्र पुरस्कार मिळाला.

वर्गात बहुधा इथवरच सांगतात. त्या नव्या रूटच्या पहिल्या पायरीत उत्प्रेरक आणि सॉल्व्हंट म्हणून निर्जल हायड्रोजन फ्लोराइड वापरतात. ते पुन्हा पुन्हा फिरवता येतं, म्हणून कचऱ्याच्या हिशेबात उत्तम. पण गळलं तर माणसाच्या हाडापर्यंत पोचणारं द्रव्य आहे. म्हणजे कचऱ्याचा प्रश्न सुटला आणि धोक्याचा प्रश्न वाढला. बिशपसारख्या ठिकाणी, ते हाताळायची सवय आणि साधनं असलेल्या कंपनीला ते परवडतं. तोच रूट उचलून दाटीवाटीच्या एमआयडीसीत, पलीकडे वस्ती असलेल्या प्लॉटवर बसवायला मी सही करणार नाही. रूट हरित आहे की नाही हे तो कुठे आणि कोणाच्या हातात चालणार, यावरही ठरतं.

आता आपल्या जवळचं उदाहरण. काळ्या कापडाच्या रंगात लागणारं एच-ॲसिड हे इंटरमिजिएट. नॅफ्थलीन घ्यायचं, सल्फोनेशन करायचं, मग नायट्रेशन, मग चुना टाकून जास्तीचं आम्ल मारायचं, त्यात जिप्समचा डोंगर. मग लोखंडाच्या किसानं नायट्रोचं अमिनो करायचं, त्यात लोखंडाचा काळा चिखल. मग कॉस्टिक फ्यूजन, आणि शेवटी आम्ल टाकून माल खाली पाडायचा. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८०च्या दशकाच्या शेवटी हे एच-ॲसिड बनवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालात आकडे आहेत: सुमारे ३७५ टन एच-ॲसिड आणि त्यामागे सुमारे २४४० टन घातक स्लज (चिखल), सांडपाणी वेगळंच. उत्पादन थोडाच काळ चाललं, पण तेवढ्यात भूजल खराब झालं आणि विहिरींचं पाणी पिण्याच्या, शेतीच्या लायकीचं राहिलं नाही. ‘प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई करावी’ हे तत्त्व भारतीय कायद्यात ठामपणे आलं ते या निकालात. कायद्याचे विद्यार्थी तो वाचतात. मला वाटतं केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्यांनी जास्त वाचायला हवा, कारण स्लजचा तो आकडा कुणाच्या निष्काळजीपणातून आलेला नाही. माल उघड्यावर टाकला हा निष्काळजीपणा. पण किलोमागे साडेसहा किलो स्लज होणार, हे रूट कागदावर लिहिला तेव्हाच लिहिलं गेलं होतं.

त्यातली एकच पायरी, लोखंडानं नायट्रोचं अमिनो करण्याची, घेऊन हिशेब करून दाखवतो. ॲनिलिन घेऊ, कारण रेणू सोपा आहे. (आज बहुतेक मोठे कारखाने ॲनिलिन लोखंडानं बनवत नाहीत, हा फक्त हिशेबासाठी.) लोखंड वापरून नायट्रोबेंझिनचं ॲनिलिन करायचं, तर समीकरणाप्रमाणे चार रेणूंमागे नऊ अणू लोखंड लागतं. १०० किलो ॲनिलिनला सुमारे १३५ किलो लोखंड, आणि मागे सुमारे १८७ किलो आयर्न ऑक्साइड. हे कोरडं. प्रत्यक्षात ते ओलं, चिकट, सेंद्रिय माल धरून ठेवलेलं निघतं, म्हणून घातक कचऱ्यात मोडतं. तेच काम हायड्रोजन वायू आणि उत्प्रेरक वापरून केलं, तर १०० किलो ॲनिलिनला साडेसहा किलो हायड्रोजन पुरतो आणि मागे ३९ किलो पाणी उरतं. संपलं.

मग सगळेच हायड्रोजनेशन का करत नाहीत? कारण ही रिॲक्शन भडक आहे. १०० किलो ॲनिलिन बनताना जी उष्णता निघते, ती उकळत्या अडीचशे किलो पाण्याची पूर्ण वाफ करेल. ती वेळेवर काढता आली पाहिजे. दाबाचा ऑटोक्लेव्ह हवा, वायुगळतीचे सेन्सर हवेत, आणि सुकला की हवेत पेट घेणारा रॅनी निकेल हा उत्प्रेरक हाताळणारी माणसं हवीत. लोखंडाच्या पद्धतीला साधं विटा लावलेलं भांडं आणि भंगारातला बीडाचा कीस पुरतो. तारापूर, लोटे, महाड, डोंबिवली इथल्या छोट्या युनिटवाल्याला ‘तू हरित हो’ असं व्याख्यान देऊन काही होत नाही. त्याला बँक विचारते परतफेड किती वर्षांत. इथे उपाय रसायनाइतकाच व्यवस्थेचा आहे: हायड्रोजनेशनची सोय असलेल्या युनिटकडून ती पायरी जॉब वर्कवर करून घेणं, आणि स्लजच्या विल्हेवाटीचा खरा खर्च किमतीत धरणं. हा खर्च प्रामाणिकपणे धरला, की लोखंडाचा ‘स्वस्त’ रूट बहुतेक वेळा स्वस्त राहत नाही.

शिवाय हायड्रोजन आला कुठून, हेही विचारा. नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड जातो. म्हणजे आपल्या १०० किलो ॲनिलिनमागे साठेक किलो. १८७ किलो विषारी चिखलापेक्षा मी तो पत्करेन, पण तो हिशेबात शून्य लिहिणार नाही.

लोखंडाच्या चिखलाची एक वेगळी गोष्टही आहे. १९२५मध्ये युलियस लाउक्स या जर्मन केमिस्टनं याच रिॲक्शनमध्ये थोडे बदल करून तो आयर्न ऑक्साइड रंगद्रव्य म्हणून विकण्याजोगा काढला. जर्मनीत क्रेफेल्ड-युर्डिंगेनला त्या पद्धतीनं काळी, तांबडी रंगद्रव्यं पुढे दशकानुदशकं बनत राहिली, आणि ॲनिलिन जवळजवळ सोबत मिळणारा माल झाला. म्हणजे चिखल हा चिखलच असतो असं नाही. पण त्यासाठी तो ठरावीक कणाचा, ठरावीक छटेचा, दर बॅचला सारखा यावा लागतो. ‘आमचा कचरा सिमेंटवाल्याला देतो’ या वाक्यात आणि लाउक्सच्या कामात हा फरक आहे.

आता ईटीपी आणि झेडएलडीबद्दल, कारण प्रत्येक वार्षिक अहवालात झाडाच्या पानाचं चित्र काढून ‘झिरो लिक्विड डिस्चार्ज’ लिहिलेलं असतं. झेडएलडी म्हणजे द्रव बाहेर जात नाही, एवढंच. एक किलो सल्फ्युरिक ॲसिड कॉस्टिकनं मारलं, तर सुमारे १.४५ किलो सोडियम सल्फेट होतं. चुन्यानं मारलं, तर १.७५ किलो जिप्सम. हे मीठ पाण्यातून वेगळं करायला पाणी उडवावं लागतं. तीन टप्प्यांच्या इव्हॅपोरेटरमध्ये टनभर पाणी उडवायला साधारण चारशे किलो वाफ लागते, म्हणजे बॉयलरला सत्तर-ऐंशी किलो कोळसा. शेवटी राहिलेलं मीठ गोण्या भरून तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा घातक कचऱ्याच्या लँडफिलवर. नदी वाचली हे खरं, आणि कोकणातल्या वाशिष्ठी-सावित्री-कुंडलिकांचा इतिहास पाहता ते थोडं नाही. पण आपण पाण्यातलं ओझं हवेत आणि जमिनीत हलवलं. झेडएलडी हा शेवटचा बंधारा म्हणून ठीक आहे. त्याला शाश्वतता म्हणायचं असेल, तर आधी विचारा की इतकं आम्ल घातलंच का होतं.

यावर रसायनशास्त्राचं उत्तर आहे घन आम्ल उत्प्रेरक. झिओलाइट (सूक्ष्म छिद्रांचं खनिज), सल्फेटेड झिर्कोनिया, आम्लयुक्त माती, आयन एक्स्चेंज रेझिन: रिॲक्शन झाली की गाळून काढायचे, आम्ल मारायची गरजच नाही. फ्रान्सच्या रोन-पुलेंकनं १९९०च्या दशकात ॲनिसोलच्या ॲसायलेशनसाठी ॲल्युमिनियम क्लोराइड सोडून बीटा झिओलाइट आणला. आपल्याकडे मुंबईच्या आयसीटी या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे १९३३पासूनच्या यूडीसीटीत, प्रा. एम. एम. शर्मा यांच्यापासून रेझिनवर आणि प्रा. गणपती यादव यांच्यापासून घन आम्लांवर मोठं काम झालं. पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) झिओलाइटमध्ये नावाजलेली. या विषयात आपण कुणाच्या मागे नाही. मागे आहोत ते लॅबमधला ग्रॅमभर उत्प्रेरक टनावर नेण्यात, आणि तो किती बॅचनंतर मरतो हे प्रामाणिकपणे छापण्यात.

धोक्याचा प्रश्न वेगळा घ्यायला हवा, कारण भोपाळनंतरही तो कचऱ्याच्या धड्यात कोंबला जातो. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री टाकीतून जो मिथाइल आयसोसायनेट सुटला, तो विकायचा माल नव्हता, मधलं रसायन होतं. चाळीसेक टन साठवलेलं. कार्बारिल हे कीटकनाशक बनवायला नॅफ्थॉल, फॉस्जीन आणि मिथाइल अमिन लागतात. फॉस्जीन आधी अमिनशी लावला, तर मध्ये मिथाइल आयसोसायनेट येतो. तोच फॉस्जीन आधी नॅफ्थॉलशी लावला आणि अमिन नंतर घातलं, तर येत नाही. कच्चा माल तोच, कीटकनाशक तेच, फक्त क्रम वेगळा. फॉस्जीन दोन्हीकडे आहे, म्हणून दुसरा रूट निर्धोक नाही. पण चाळीस टनांची टाकी त्यात लागत नाही. ट्रेव्हर क्लेट्झ या ब्रिटनच्या आयसीआय कंपनीतल्या इंजिनियरनं १९७८मध्येच लिहून ठेवलं होतं की जे आवारात नाही ते गळूच शकत नाही. तेव्हा भोपाळचा मिथाइल आयसोसायनेटचा प्लँट उभा राहत होता.

तुमच्या प्रश्नात एक टोचणी आहे, ती योग्य आहे: रसायनशास्त्रानंच घाण केली. हो, आणि बऱ्याचदा चांगल्या हेतूनं. १९३०च्या सुमाराला थॉमस मिजली यांनी सीएफसी आणले तेव्हा फ्रीजमध्ये सल्फर डायऑक्साइड आणि अमोनिया असत, गळतीनं माणसं मरत. सीएफसी न जळणारा, बिनविषारी, टिकाऊ. टिकाऊपणा हाच गुण, आणि तोच दोष निघाला. १९७४मध्ये मोलिना आणि रोलँड यांनी तो ओझोनच्या थरापर्यंत पोचून त्याला खातो हे मांडलं, १९८७ला माँट्रियल करार झाला. पर्याय म्हणून आलेले एचएफसी ओझोनला सोडतात, पण पृथ्वी तापवतात, म्हणून २०१६ला किगालीत पुन्हा करारासाठी बसावं लागलं. केमिस्टनं यातून घ्यायचं ते इतकंच: रेणू बनवताना तो कसा मोडणार, कुठे मोडणार आणि मोडून काय होणार, हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायचा. बारा तत्त्वांत हे दहावं आहे आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. पीएफएएस नावाच्या फ्लोरिनवाल्या रसायनांत आज नेमकं तेच पुन्हा घडताना दिसतं.

‘वनस्पतीजन्य म्हणजे शाश्वत’ हा समज तर महाराष्ट्रात बसून ठेवता येत नाही. उसाचं इथेनॉल घ्या. पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचं उद्दिष्ट २०२५मध्ये गाठलं, कारखान्यांना पैसा मिळाला, थोडं आयातीचं तेल वाचलं. पण राज्यातलं उसाचं क्षेत्र एकूण पीकक्षेत्राच्या मानानं लहान आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा निम्म्याहून मोठा. मळीपासून लीटरभर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लीटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, निघतो. त्याचा सीओडी (त्यातली घाण मोडायला लागणारा ऑक्सिजन) लीटरमागे लाखभर मिलिग्रॅम. तो आटवून बॉयलरमध्ये जाळणं किंवा त्यातून बायोगॅस काढणं, हे काम चांगलं केमिस्ट्रीचं आहे. पण दुष्काळी तालुक्यातल्या उसाचं इथेनॉल आणि भाताच्या पेंढ्याचं इथेनॉल हे एकाच रेणूचे दोन अगदी वेगळे हिशेब आहेत. रेणूकडे पाहून ते कळत नाही.

तुम्ही आता जर्नल वाचायला लागला असाल, तर ‘ग्रीन’ शब्द शीर्षकात असलेला पेपर शंकेनं वाचा. रिॲक्शन सॉल्व्हंटशिवाय झाली म्हणून पाठ थोपटलेली असते. खाली प्रायोगिक भागात दोन ग्रॅम माल काढायला अर्धा लीटर इथाइल ॲसिटेट आणि वर शुद्ध करायला सिलिकाचा कॉलम. मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत झालं, ठीक. टनभराचा मायक्रोवेव्ह कुठे मिळतो? पाणी सॉल्व्हंट म्हणून वापरलं, तर त्या पाण्यात शेवटी काय राहिलं आणि ते साफ कोण करणार? आयनिक लिक्विड (द्रवरूप मीठ) वापरलं, तर ते बनवताना काय काय खर्ची पडलं? मी पेपर हातात घेतला की आधी वर्क-अप (रिॲक्शननंतर माल वेगळा करण्याचा भाग) वाचतो, मग यील्ड, शीर्षक शेवटी.

सॉल्व्हंटचं कंटाळवाणं काम मात्र करिअरच्या सुरुवातीला मनापासून शिका. किलोला दहा लीटर टोल्युइन लागतं आणि ९५ टक्के परत मिळतं, तर किलोमागे अर्धा लीटर कुठेतरी उडतं. वर्षाला शंभर टन माल, म्हणजे पन्नास हजार लीटर. ते ९८ टक्क्यांवर नेलं तर वीस हजार. कुठल्याही नव्या चमकदार रिॲक्शनपेक्षा एखादा चांगला कंडेन्सर, चिल्ड ब्राइन (गार केलेलं मिठाचं पाणी) आणि दोन सॉल्व्हंट न मिसळण्याची शिस्त यांनी मी जास्त कचरा कमी होताना पाहिला आहे. मिसळलेले सॉल्व्हंट वेगळे करणं महाग, म्हणून पाच पायऱ्यांत पाच सॉल्व्हंट वापरण्यापेक्षा एकावरच तीन पायऱ्या चालवता आल्या, तर थोडं यील्ड गेलं तरी चालेल. हे वाक्य यील्डवर बढती मिळणाऱ्या माणसाला पटवणं कठीण जातं.

प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल तर नवा उत्प्रेरक बनवायच्या मागे लागू नका. जुन्या पेटंटमधलं एखादं इंटरमिजिएट निवडा, त्याचे दोन रूट घ्या, आणि प्रत्येक पायरीला काय आत गेलं व काय कुठे बाहेर पडलं याचा किलोचा तक्ता करा. त्यात पाणी, मीठ आणि वाफ धरा. ई-फॅक्टर पाण्यासह आणि पाण्याशिवाय असा दोनदा काढा, कारण लोक सोयीचा तेवढाच छापतात. मुलाखतीला जाल तेव्हा तो तक्ता सोबत ठेवा. आणि त्यांनी ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हटलं, तर विचारा की तुमच्याकडे रूट निवडण्याच्या बैठकीला ईटीपीचा माणूस बसतो का.